नव्या जन्माची रिकामी ओळ

दौंडच्या ख्रिस्ती कब्रस्तानात माझ्या आईवडिलांचा एकच दगड आहे. काळा ग्रॅनाइट, मधोमध क्रूस, डावीकडे वडील, उजवीकडे आई. वडील गेले तेव्हा तो करून घेतला. आई तेव्हा हयात होती. तिची बाजू कोरी ठेवायची, असं मी कारागिराला दोनदा सांगितलं होतं. पण तो माणूस कामाला फार नेटका, अर्धा दगड मोकळा दिसणं त्याला बघवलं नसावं. दगड बसवायच्या दिवशी आम्ही मायलेकी गेलो, तर दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी कोरून पांढऱ्या रंगाने भरलेल्या होत्या. जन्म. नवा जन्म. प्रभूत विसावा. वडिलांच्या बाजूला प्रत्येक ओळीपुढे तारीख होती. आईच्या बाजूला वर नाव आणि खाली नुसते शब्द.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, या अजून आहेत," मी आईकडे हात करून म्हटलं.

"मॅडम, जोडी का पत्थर है," तो म्हणाला. "दोन्ही साइड सेम पाहिजे. बाद में फक्त तारीख टाकायची. पाच मिनिटाचं काम."

आईने चष्मा लावला, वाकून आपलं नाव वाचलं, शुद्धलेखन तपासलं. मग म्हणाली, "बरं झालं. फॉर्म छापून तयार आहे, भरायचा तेवढा राहिलाय."

तो फॉर्म भरायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची अडचण नव्हती. अडले ते दुसऱ्या ओळीपाशी.

ही दुसरी ओळ सगळ्या ख्रिस्ती दगडांवर नसते. आमच्या घरी जो प्रार्थनेचा गट जमायचा, त्या माणसांत ती पद्धत आहे. आईच्या पोटी जन्म होतो तो एक, आणि देवापासून होतो तो दुसरा, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. एक वयस्क, मोठा विद्वान शास्त्री येशूला भेटायला आला आणि गोंधळून विचारू लागला, की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या पोटात शिरायचं कसं, ती गोष्ट आम्हाला लहानपणीच सांगितलेली असते. गटात ज्याला तो दुसरा जन्म मिळाला असं वाटतं, तो उभा राहतो आणि कसा मिळाला ते सांगतो. त्याला साक्ष देणं म्हणतात. आणि साक्षीत तारीख लागते. "तुमचा नवा जन्म कधीचा?" हा प्रश्न आमच्याकडे पाहुण्याला गाव विचारावं इतक्या सहज विचारला जातो.

वडिलांजवळ तारीख होती. ते रेल्वेत गार्ड होते आणि मी पाच वर्षांची होईपर्यंत फार प्यायचे. एका संध्याकाळी स्टेशनापलीकडच्या मैदानात मंडप पडला होता, तिथे ते टवाळी करायला म्हणून दोन मित्रांबरोबर गेले आणि एकटेच, रडत, घरी आले. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. मी हे ऐकीव सांगत नाही. त्यांचे बूट दारात वाजले की मी कॉटखाली शिरत असे. त्या मंडपानंतर काही दिवस मी सवयीने शिरत राहिले, आणि ते खाली वाकून, जमिनीला गाल लावून, "ये की गं बाहेर" म्हणत राहिले. पुढे आयुष्यभर ते साक्ष देताना तो दिवस गार्डाच्या सवयीने तासा-मिनिटासकट सांगायचे. गाडी सुटल्याची नोंद करावी तसा.

नर्सची ड्यूटी आटोपून आलेली आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. एकदा तिथूनच म्हणाली, "जन्म ह्यांचा झाला, कळा मी सोसल्या." सगळे हसले. सगळ्यात जास्त वडील हसले.

पण तिला स्वतःला कोणी विचारलं, की "बाई, तुमची साक्ष?", तर ती उठायची. "चहा टाकते." त्या घरात चहा फार व्हायचा.

मी शिरूरला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तारखेशिवाय पुस्तक आलं तर आम्ही नोंदीत तसं लिहितो आणि पुढे जातो. माणसाच्या बाबतीत तसं पुढे जाता येईना. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला सगळे कब्रस्तानात जमणार, तोवर दगड पुरा व्हायला हवा, असं मावशीने बजावलं होतं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शिरूरातच असते, अंगणवाडी चालवून निवृत्त झाली, आणि आमच्या गटात तिच्याइतकी ठाम साक्ष कोणाची नाही.

"मधली वळ रिकामी ठिवलीस तर लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. "नर्सबाईचा नवा जन्म झालाच न्हाई म्हणतील. तारल्याबिगर पुरली म्हणतील."

"पण झाला का, मावशी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हे विचारायलाच नको होतं. पण मला तेच जाणून घ्यायचं होतं. दगडाचं निमित्त होतं. आपली आई देवाजवळ पोचली का, हे मला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं कोणाला हेही माहीत नव्हतं.

मी आधी माझ्या सवयीच्या जागी गेले, म्हणजे कागदाकडे. आईचं माहेर शिरूरचं, तिचा बाप्तिस्मा इथल्याच जुन्या चर्चमधला. पाळकसाहेबांनी कपाटातून जाड नोंदवही काढली. पानं तपकिरी झाली होती, कडा हाताला लागल्या की भुगा पडत होता. तिचं नाव सापडलं, शेजारी आजोबांचं. बारीक, तिरकं, निबाचं अक्षर. दोन महिन्यांची होती.

"हीच तारीख टाका," पाळकसाहेब म्हणाले. "मंडळीच्या शिकवणीत बाप्तिस्मा म्हणजे नव्या जन्माची खूणच आहे. देवाने तिला आधी हाक मारली. तिने ओ कधी दिली, तो पुढचा भाग. त्यात खोटं काही नाही."

मला ते पटलं. मी चिठ्ठीवर तारीख उतरून घेतली आणि मावशीकडे गेले.

"आगं, दोन म्हैन्यांची व्हती ती!" मावशी म्हणाली. "पाणी टाकलं तशी वरडली असंल, तेवढीच तिची साक्ष. तुझ्या बापाचा न्हवता झाला का ल्हानपणी बाप्तिस्मा? त्येनं टाकली का ती तारीख? पाण्यानं अंग भिजतं, पोरी. आत्म्यानं जन्म व्हाया लागतो."

"मग तूच सांग, कधी झाला तिचा?"

"सांगते की. मी व्हते तिथं." मावशी पलंगावर सरकून बसली. शिरूरच्या मैदानावर तीन दिवसांच्या सभा होत्या. शेवटच्या दिवशी प्रचारकाने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी हात वर करा. "आन् आक्कानं हात वर केला. ह्यो असा, ताठ. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"डोळे मिटलेले होते ना सगळ्यांचे?"

"माझे किलकिले व्हते. तुला काय करायचंय?"

मी विचारलं, मी तेव्हा कुठे होते. सात-आठ वर्षांची असेन. मावशी आठवू लागली आणि मलाच आठवलं. मी मंडपात नव्हतेच. बाहेर रस्त्याकडेला शेंगदाण्याची गाडी उभी होती, मी कनातीखालून निसटून तिकडे गेले होते. मागे वळून पाहिलं तर बायकांच्या गर्दीत, सगळ्यांची डोकी खाली असताना, एक हात वर. आईचा. त्या हाताचा अर्थ मला चांगला कळत होता. आहेस तशी परत ये, नाहीतर घरी गेल्यावर बघते.

मी हे सांगितलं तेव्हा मावशीने आधी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग तिचं पोट हलायला लागलं.

"म्हंजी त्यो हात तुला व्हता व्हय गं!" ती पदराने डोळे पुसत हसत होती. "आन् मी चाळीस वर्सं लोकांना सांगती, माझ्या बहिणीनं शिरूरच्या सभेत हात वर केला. पाळकाला सांगितलं, भाऊजींना सांगितलं. आक्का काय बोलली न्हाई कधी."

"चहा टाकायला गेली असेल."

"व्हय, व्हय, चहाच टाकायला गेली," मावशी म्हणाली, आणि हसता हसता रडू लागली. मीही.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती सरकारी नर्स होती, खेड्यांतल्या उपकेंद्रांवर बाळंतपणं करायची. दौंडहून पॅसेंजरने यवतला उतरायचं आणि पुढे जीप, सायकल किंवा पाय. किती मुलं तिच्या हातावर आली ते तिने कधी मोजलं नाही. पण प्रत्येकाची तारीख आणि वेळ मात्र तिने नेमकी लिहिली. स्वभावाने ती कडक होती. तिच्या हातात माया होती आणि जिभेवर ती नव्हती, असं मी तरुणपणी मैत्रिणींना सांगत असे.

त्या वयस्क शास्त्र्याच्या गोष्टीवर एका रविवारी उपदेश झाला होता. घरी येऊन लसूण सोलताना ती म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, आणि अडला कुठे! एखाद्या सुइणीला विचारायचं होतं."

"काय सांगितलं असतं तिने?"

"की जन्मणाऱ्याला काही करावं लागत नाही. तो नुसता येतो. आणि आपण कधी आलो ते त्याला ठाऊक नसतं. वेळ मी लिहिते." मी तेव्हा हसले होते आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं होतं.

मी सातवीत असताना कासुर्डीच्या पुढच्या एका वस्तीवर एक बाळंतपण अवघड गेलं. नाळ बाळाच्या गळ्याभोवती होती. आई पोचली तोवर उशीर झाला होता. बाळ गेलं, बाळंतीण वाचली. त्या घरच्या सासूने दारात, सगळ्या वस्तीसमोर, आईला म्हटलं की तुझ्या हाताने माझा नातू गेला. आई ज्या तांब्याने पाणी प्यायली होती, तो सासूने अंगणाबाहेर फेकला. कशासाठी फेकला, हे आईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या लोकांना ते कळतं.

त्या दिवशी घरी येऊन आई बराच वेळ हात धूत होती. वडील म्हणाले, "सोडून दे. क्षमा कर." तिने नळ बंद केला. "तुमचा झालाय नवा जन्म, तुम्ही करा. त्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही."

आणि त्यानंतरच्या रविवारी मला एक गोष्ट दिसली. चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. तीत एक ओळ अशी येते, की आम्ही इतरांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर. त्या ओळीला आईचे ओठ मिटले. पुढच्या ओळीला पुन्हा उघडले. मला वाटलं ती विसरली. पुढच्या रविवारीही तसंच. मग मी रविवारची वाटच पाहू लागले. दर वेळी ती त्या एका ओळीपुरती गप्प व्हायची, आणि आजूबाजूच्या आवाजांत ते कोणाला कळायचं नाही.

मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "जे करणार नाही ते म्हणायचं कशाला? देवाशी तरी खोटं बोलू नये."

मी मोठी झाले, शिरूरला आले. तिच्या शेजारी उभी राहायची वेळ नाताळात आणि पुनरुत्थानाच्या रविवारी तेवढी यायची, आणि मला त्या ओळीकडे लक्ष देण्याची सवय राहिली नाही.

वर्षाची प्रार्थना पंधरा दिवसांवर आली होती. मी दौंडच्या घरी आईचं कपाट आवरत होते. दुपारी बाराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, हिरवी साडी, हातात कांद्यांनी भरलेली पिशवी. तिला सोडायला आलेला मोटरसायकलवाला फाटकाबाहेर थांबला होता.

"नर्सबाईंचं घर हेच का? भेटाया आले. लई उशिरा कळलं आम्हाला."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. आईने कितीतरी बायकांची बाळंतपणं केलेली, त्यांतलीच एखादी असेल असं मला वाटलं. मी विचारलं, "तुमची मुलं माझ्या आईच्या हातची का?"

"दोन हायेत," ती म्हणाली. "पर पैलं न्हाई राहिलं. नाळ गुतली व्हती."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "त्याच घरची. त्या बाळाची आई मी. सासूनं बाईंना बोल लावला तवा मी आत निजले व्हते. मला समदं ठावं व्हतं. बाईंचा दोष न्हवता. बाई आल्या नसत्या तर मी पण गेले असते. पर मी नवी सून. तोंड उघाडलं न्हाई." ती थांबली. "बाईंनी तुम्हाला काय सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं होतं?"

मग तिने सांगितलं. तीनेक वर्षांपूर्वी तिच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला. म्हातारीला दौंडला दवाखान्यात आणलं होतं, तिथे औषधाच्या रांगेत आई भेटली. चौकशी केली, ऐकून घेतलं, काही न बोलता निघून गेली. म्हातारी घरी आली ती पलंगाला खिळून. पाठीला जखमा झाल्या, जवळ बसवेना असा वास यायला लागला.

"मग एक दिस बाई आल्या. इतक्या वर्सांनी. दारातच उभ्या राहिल्या. मी म्हणलं, या की आत. त्या नुसत्या बघत राहिल्या, आन् गेल्या माघारी. मला वाटलं, म्हातारीचे हाल बघाया आल्या असतील. बघू द्या, त्यांचा हक्क हाय."

"मग?"

"दुसऱ्यांदा आल्या तवा ओट्यावर पिशवी ठिवली. कापूस, मलम, पट्ट्या. मला म्हणाल्या, हे असं असं लावायचं. आन् गेल्या. आत न्हाई आल्या. तिसऱ्यांदा आल्या..." ती बाई आपल्या तळहाताकडे बघत होती. "तिसऱ्यांदा चप्पल काढली आन् सरळ आत गेल्या. मला म्हणाल्या, गरम पाणी कर. दोन तास धुत व्हत्या म्हातारीला. तवापासून दर गुरुवारी. वरीसभर. म्हातारी गेली तवर."

गुरुवारी. मी शिरूरहून फोन केला की आई म्हणायची, "आज यवतला जाऊन आले." पिशवीत भाजी असायची. निवृत्त बाईचा वेळ जात नाही, असं मला वाटायचं. भाजी कुठली, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही.

"सासूला बोलता येत न्हवतं," ती पुढे म्हणाली. "पर बाईंनी कूस पालटली की त्यांचं मनगट धरायची. चांगल्या हातानं. सोडायचीच न्हाई. बाई म्हणायच्या, 'म्हातारे, सोड गं, माझी गाडी जाईल.' आन् बसून राहायच्या. दोनदा खरंच गेली गाडी. माझ्या मालकानं सोडलं मग दौंडला."

"माझ्या आईने तुमच्या सासूला काही... देवाचं, येशूचं काही सांगितलं?"

"न्हाई. म्हातारीच्या डोक्यावर हात ठिवून डोळे मिटायच्या जाताना, तेवढंच. मी इचारलं एकदा. म्हणलं, बाई, आम्ही तुम्हाला एवढं बोललो, आन् तुम्ही का येता? तर म्हणाल्या, मला पण नाही कळत गं. पाय येतात."

फाटकाबाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. "थांबा की वाईच!" ती ओरडली, मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "पैल्या दिशी आत आल्या तवा पाणी मागितलं त्यांनी. तांब्यानं. मी दिलं."

ती गेल्यावर मी कपाट तसंच उघडं टाकून बसले. मला भीती वाटली असं म्हटलं तर ते पूर्ण बरोबर होणार नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. ज्या बाईला मी पन्नास वर्षं ओळखत होते, तिच्यात कोणीतरी येऊन गेलं होतं, आणि मी शिरूरला बसून तिला बी.पी.च्या गोळ्या घेतल्या का एवढंच विचारत होते. वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते कळत नाही, त्याचा आवाज मात्र ऐकू येतो, असं येशूने त्या शास्त्र्याला समजावलं होतं. मी हे शेकडो वेळा ऐकलं आहे. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्याचा धाक वाटला.

आणि मग मी आठवू लागले. आईचा शेवटचा नाताळ. आम्ही दोघी एकाच बाकाजवळ उभ्या, तिचा हात समोरच्या बाकाच्या पाठीवर. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली. आई गप्प होती का?

नव्हती. मला तिचा आवाज ऐकू येत होता. थोडा चिरका, सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे. ती ती ओळ म्हणत होती. मी शेजारी उभी होते, मी ते ऐकलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. कधीपासून म्हणत होती? त्या नाताळापासून, आदल्या वर्षीपासून, वडील गेले तेव्हापासून? मी पुष्कळ मागे गेले. एका बाजूला ती गप्प आहे, दुसऱ्या बाजूला ती म्हणते आहे, आणि मधला दिवस मला दिसत नाही. दारात उभी राहून परत गेली, तेव्हा झाला का तिचा नवा जन्म? ओट्यावर पिशवी ठेवली तेव्हा? चप्पल काढली तेव्हा? का औषधाच्या रांगेतच सुरू झालं होतं सगळं, आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं? तिनेच मला सांगितलं होतं, की जन्मणाऱ्याला ते ठाऊक नसतं. लिहायला तिथे कोणी हजर नव्हतं, एवढंच.

मी कारागिराला फोन करून सांगितलं, दोनच तारखा टाका. पाळकसाहेबांनाही कळवलं. ते म्हणाले, ठीक आहे, त्या बाईंनाही प्रार्थनेला बोलवा. मावशीला मी समोर बसून सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं, डोळेही पुसले, पण तिचं समाधान झालं नाही.

"मग त्या तिसऱ्या खेपेचा दिस टाक की. गुरुवार व्हता म्हणतीस ना? काढ हुडकून."

"त्या बाईला आठवत नाही, मावशी."

"नीट इचारलं नसशील. तू पुस्तकातली माणूस."

वर्षाच्या प्रार्थनेला सकाळी साडेनऊला आम्ही कब्रस्तानात जमलो. पंधरा-वीस माणसं, शिरूरहून मावशी आणि पाळकसाहेबही. दगड आदल्या दिवशी पुरा झाला होता. कारागीर बाजूला उभा होता. मधल्या ओळीशी आपली काही चूक झाली असं कोणी समजू नये, म्हणून तो मुद्दाम आला असावा. ती हिरव्या साडीतली बाई आणि तिचा नवरा फाटकाजवळ, चप्पल काढून, अवघडून थांबले होते. मी जाऊन त्यांना पुढे आणलं.

गायन झालं. पाळकसाहेबांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, की बाईंबद्दल कोणाला साक्ष द्यायची आहे का. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. मी त्या उघडल्या आणि मला एक अक्षर वाचता येईना. मी त्या बाईकडे पाहिलं.

"मी बोलू का?" तिने विचारलं. "आम्ही तुमच्यातले न्हाई."

"बोला," पाळकसाहेब म्हणाले.

तिने पदर डोक्यावर घेतला आणि मला सांगितलं होतं तेच सांगितलं, त्याहून कमी शब्दांत. तांब्या फेकला ते सांगितलं. आपण गप्प राहिलो ते सांगितलं. बाई दोनदा माघारी गेल्या आणि तिसऱ्यांदा आत आल्या ते सांगितलं. एवढ्या साक्षी मी ऐकल्या आहेत, पण माणसं इतकी स्तब्ध उभी असलेली मी पाहिली नाहीत. शेवटी ती म्हणाली, "माझ्या दारात झालं म्हणून मला ठावं हाय. बाईंनी सोता कोणाला सांगितलं नसतं."

ती मागे सरकली. पाळकसाहेब शेवटच्या प्रार्थनेला सुरुवात करणार, तेवढ्यात मावशी पुढे झाली आणि तिने त्या बाईचा हात धरला.

"बाय माझे, म्हैना तरी सांग. कोणता म्हैना व्हता?"

"कांदा काढणी चालली व्हती बघा," ती बाई म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "का लागण व्हती, ओ?"

"लागण," तो म्हणाला. "न्हाई... काढणीच असंल. ऊस तोडणीला टोळी आली व्हती का तवा?"

"न्हाई ध्यानात, मावशी," ती म्हणाली.

मावशी तिचा हात तसाच धरून उभी राहिली. मग दगडाकडे वळली, गुडघ्यावर हात देऊन वाकली, आणि त्या मधल्या शब्दांपुढची मोकळी जागा पदराने पुसली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. मी मिटायला हवे होते, मिटले नाहीत. जिथे अक्षरं कोरली होती तिथे दगड खरबरीत आणि मुका झाला होता. जिथे काही कोरलं नव्हतं तिथली झिलई तशीच होती, आरशासारखी. त्या ओळीत मावशीचं पांढरं डोकं दिसत होतं, त्यामागे लख्ख ऊन, आणि हिरव्या साडीचा काठ वाऱ्याने हलत होता.